वजनाचा रकाना

आमच्या केंद्रात मूल पहिल्यांदा आलं की चार पानी फॉर्म भरावा लागतो. नाव, गाव, जन्मतारीख, कितवं मूल, एवढं झालं की प्रश्न येतो : जन्मल्याबरोबर बाळ रडलं का? २७ वर्षं मी हा प्रश्न विचारते आहे. त्याचं सरळ 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर फार थोड्या आयांनी दिलं असेल. "रडलं, पण जरा उशिरा." "मला दाखवलंच नाही हो, तसंच खाली नेलं." "सासूबाई म्हणत्यात रडलं, मला तर काय ऐकू आलं न्हाई." एकजण म्हणाली होती, "मीच एवढी वरडत होते, त्याचं कुठलं ऐकू येतंय!" स्वतःच हसली, आणि हसता हसता थांबली.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. १९९८ पासून सांगली जिल्ह्यात हेच काम करते. माझ्या गादीवर येणारी निम्म्याहून जास्त मुलं सेरेब्रल पाल्सीची. सरकारी कागदावर 'मेंदूचा पक्षाघात' असं लिहितात. घरची माणसं 'मेंदूला मार बसलाय' म्हणतात, आणि मला विचाराल तर घरच्यांचंच बरोबर आहे. वाढत्या मेंदूला कधीतरी इजा होते. पोटात असताना, जन्मताना, नाहीतर जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात. ती इजा पुढं वाढत नाही. पण मूल वाढतं, हाडं लांब होतात, आणि ताठरलेले स्नायू त्या वाढीला पुरे पडत नाहीत. म्हणून सहा महिन्यांचं असताना नुसती मूठ आवळून धरणारं मूल पाच वर्षांचं झालं की टाचा उचलून, पायांची कात्री करत चालतं. माझं काम या दोन वयांच्या मधलं.

मुलांच्या आयांना आम्ही गावानं ओळखतो. कवठ्याची, विट्याची, जतची. हे बरं नाही, कळतं मला. पण दिवसाला वीस-बावीस आया येतात, त्यातल्या अर्ध्याजणींची नावं एकसारखी. "आज विट्याची आली नाही का गं?" असंच तोंडातून निघतं.

फॉर्मवर बाळाच्या जन्मवजनाला रकाना आहे. आईच्या वजनाला नव्हता. तो नाही, हे कित्येक वर्षं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

फॉर्म भरताना आईच्या शेजारी सहसा सासू बसलेली असते आणि पाठीमागं नवरा उभा. मी काय विचारते यापेक्षा उत्तरातून काय हाती लागतंय, इकडं त्यांचा कान. कुणामुळं झालं, एवढंच त्यांना हवं असतं. माझ्या लेखी तो फॉर्म, त्यांच्या लेखी पंचनामा.

सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत जास्त ऐकलेलं कारण ग्रहण. "ग्रहणात हिनं भाजी चिरली." "पाळलं तिनं, पण पाय दुमडून निजली होती." ऑगस्ट १९९९ च्या सूर्यग्रहणानंतर तर वर्षभर दुसरं काही ऐकलंच नाही. मूल पायावर पाय चढवून पडलेलं असायचं. सासू त्या पायांकडं बोट करायची आणि तिच्या दृष्टीनं खटला तिथंच संपायचा. मग मी सगळ्यांच्या देखत आईला सांगायची, "ग्रहणाचा काही संबंध नाही. तुमचं काही चुकलेलं नाही." रोलर, बॉल, लाकडी खुर्ची ही जशी माझी अवजारं, तसंच हे वाक्यही एक अवजार होऊन गेलं. ते लागू पडायचं. आपल्यामुळंच असं झालं असं मनात धरून बसलेली आई मुलाला हात लावायला भिते, नाहीतर क्षणभरही खाली ठेवत नाही. दोन्हीकडून व्यायाम बुडतो. ते वाक्य ऐकल्यावर कित्येकींचे खांदे खाली आलेले मी पाहिलेत.

हे 'कुणामुळं' काही आमच्या सासवांचंच नाही. १८६१ साली लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेपुढं विल्यम जॉन लिट्ल या शल्यविशारदानं निबंध वाचला. त्याचा स्वतःचा एक पाय लहानपणीच्या आजारानं वाकडा झालेला, त्यामुळं वाकड्या हातापायांच्या मुलांकडं त्याचं लक्ष. अडलेलं बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणं यांतून मुलाचे हातपाय असे ताठरतात, असं त्यानं मांडलं. पुढं आजारालाच त्याचं नाव पडलं. १८९७ मध्ये या विचाराला वेगळं वळण दिलं ते सिग्मंड फ्रॉइडनं. होय, तोच. मनाच्या तळाशी उतरण्याआधी तो मुलांच्या पक्षाघाताचा अभ्यास करत होता. त्याची शंका अशी की बाळंतपण अडलं हेच मुळात आधी पोटात काही बिघडल्याचं लक्षण नसेल कशावरून? त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. पुढं जवळजवळ शतकभर बाळंतपण करणारा डॉक्टर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. मग १९८६ मध्ये कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी हजारो गरोदर बायकांच्या आणि त्यांच्या मुलांच्या नोंदी तपासून दाखवलं, की जन्मताना गुदमरण्यानं यातल्या थोड्याच मुलांचा उलगडा होतो. डॉक्टर थोडे सुटले. बोट पुन्हा आईच्या पोटाकडं वळलं.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. माझ्या खोलीत ते शिरलं २०१७ च्या उन्हाळ्यात.

विट्याचीचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेला, जेमतेम १४०० ग्रॅम, महिनाभर काचेत ठेवलेला. हात बरे, पाय ताठर. नवरा गलाईच्या धंद्यात, दूर तमिळनाडूत. सोनं-चांदी गाळायला त्या भागातली माणसं देशभर पांगलेली आहेत. वर्षातून एकदा जत्रेला, नाहीतर कुणाच्या लग्नाला घरी येतात. त्या खेपेला तो आला होता, पहिल्यांदाच मुलाबरोबर केंद्रात. नम्र माणूस. चपला बाहेर काढून आत आला, म्हणाला, "म्याडम, एक विचारू का? राग मानू नका." आणि मोबाइल पुढं केला. लठ्ठ आयांच्या मुलांना मेंदूच्या पक्षाघाताचा धोका, परदेशी संशोधकांचा निष्कर्ष, अशी बातमी होती. कुणीतरी त्याला पाठवलेली. त्यानं ती मला मोठ्यानं वाचूनही दाखवली. बायको खाली बसून मुलाच्या स्प्लिंटचा पट्टा लावत होती. तिनं वर पाहिलं नाही. लावलेला पट्टा काढला आणि पुन्हा लावला.

मी अवजार काढलं. "असं काही नसतं हो."

"पेपरात आलंय की, म्याडम."

आणि माझी मलाच जाणीव झाली, की हे ग्रहण नव्हे. ग्रहणाला उडवून लावणं सोपं होतं, कारण माझ्या पाठीशी शास्त्र उभं होतं. आता समोरून शास्त्रच आलं होतं, आणि मी ते न वाचताच नाही म्हणत होते.

मी वेळ मारून नेली. पुढच्या वेळी गरोदरपणातलं कार्ड घेऊन या, म्हटलं. ती घेऊन आली. साडीच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी कागदं जपून ठेवलेली, वर मुलाच्या पायाचा शाईचा ठसा. माता-बाल कार्डावर तिसऱ्या महिन्यातलं वजन होतं ५२ किलो. आमच्या काट्यावर त्या दिवशी भरली ७८.

मधले २६ किलो कुठून आले, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बारा किलोचं मूल कडेवर घेऊन एसटीची पायरी चढायची. घरी त्याला भरवायला तास लागतो, कारण जीभ घास बाहेर ढकलते. ताटात उरलेलं उभ्याउभ्या आपल्या पोटात. रात्री तो तीनदा उठतो. पाठ दुखते म्हणून शेतावर जाणं बंद, लोक विचारतात म्हणून लग्नाकार्याला जाणं बंद. मुलाला एकटं सोडता येत नाही म्हणून चालायला जाणं तर स्वप्नातसुद्धा नाही. मी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या आया वर्षानुवर्षं पाहते आहे. पहिल्या भेटीला येते ती बाई आणि पाच वर्षांनंतरची बाई, यांत फार फरक पडतो. नवऱ्यानं वर्षभरानं येऊन पाहिली ती ही बाई, आणि मोबाइलवर बातमी आलेली.

मी त्याला कार्ड दाखवलं. आकड्यावर बोट ठेवलं. त्यानं दोनदा वाचला. "बावन्न," म्हणाला. पुढं म्हणाला, "तवा बारीकच होती ती." आणि खिशातला मोबाइल खिशातच राहिला.

जिंकल्यासारखं वाटलं मला. घरी येऊन नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. रात्री मात्र झोप लागेना. कार्डावर ९२ असते तर? मी ते कार्ड त्याला दाखवलं असतं? तिला मी सोडवलं ते पुरावा तिच्या बाजूनं निघाला म्हणून. पंचनामा बंद केला नव्हता, उलट त्यात मीही एक पंच झाले होते.

ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडून तो मूळ लेख मिळवला. मार्च २०१७ चा, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला. अभ्यास स्वीडनमधला. १९९७ ते २०११ या काळात जन्मलेली १४ लाखांहून जास्त मुलं, आणि त्यांतली सेरेब्रल पाल्सीची ३,०२९. म्हणजे हजारी दोन. आयांचं वजन घेतलं होतं ते गरोदरपणातल्या पहिल्या तपासणीचं. उंचीच्या मानानं वजन किती, हा जो बीएमआयचा हिशेब असतो, त्याच्या पायऱ्या केलेल्या. २५ ते ३० मधल्या आयांच्या मुलांत प्रमाण २२ टक्क्यांनी जास्त; ३० ते ३५ मध्ये २८ टक्क्यांनी; ३५ ते ४० मध्ये ५४ टक्क्यांनी; आणि ४० च्या वर गेलं की दुप्पट. जिना चढावा तसं.

पण मोबाइलवरच्या बातमीत जे नव्हतं ते पुढं होतं. हा संबंध दिसला तो फक्त पुऱ्या दिवसांच्या मुलांत. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत नाही. विट्याचीचा मुलगा एकतिसाव्या आठवड्याचा! कार्ड मागायची गरजच नव्हती. तो अभ्यास तिच्याबद्दल बोलतच नव्हता. दुसरं, दुप्पट म्हणजे किती? हजारी दोनाचे चार. सर्वांत जड गटातल्या हजार आयांपैकी ९९६ जणींच्या मुलांना हा आजार नाहीच. अख्ख्या देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडताना हा फरक मोठा. खाली बसून पट्टा लावणाऱ्या एका बाईसाठी तो फार लहान.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याखाली मी लाल पेनानं रेघ ओढली. वजन आणि आजार यांच्यातला हा जो संबंध, त्यातला साधारण ४५ टक्के भाग जन्मताना बाळ गुदमरण्याशी जोडलेल्या त्रासांतून जात होता. बाकीच्याचं गणित शरीरातल्या सूक्ष्म दाहात आहे की आणखी कशात, ते माझ्या आवाक्याबाहेरचं. पण गुदमरणं माझ्या ओळखीचं आहे. ते एका खोलीत घडतं, एका ठरावीक तासात, आणि त्या वेळी त्या खोलीत कोण आहे आणि कोण नाही यावर पुष्कळ अवलंबून असतं.

एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीला चहावर विचारलं, की वजनानं नेमकं काय होतं? ती वीस वर्षं बाळंतपणं करते आहे, फारसं पाल्हाळ लावत नाही. म्हणाली, "पोटावर हात ठेवून बाळ कळत नाही. सोनोग्राफीत धूसर दिसतं. ठोक्यांचा पट्टा सारखा सरकतो. कळा लांबतात, दिवस वर जातात, कळांचं औषध दिलं तरी उपयोग होत नाही. सिझर ठरलं तर भूलतज्ज्ञाला पाठीत जागा सापडायला वेळ, मला आत जायला वेळ. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं." आणि साखर. आईची साखर वाढली की ती बाळाकडं जाते, बाळ आपलं इन्शुलिन वाढवतं आणि खांद्यात-छातीत गुबगुबीत होतं. डोकं बाहेर येतं, खांदा अडकतो. "तेव्हा घड्याळ बघायचं नसतं आणि बघितल्यावाचून राहवत नाही," ती म्हणाली. अशा ओढाताणीतून निसटलेली काही बाळं माझ्याकडं नुसता एक हात लुळा घेऊन येतात. मानेतले मज्जातंतू ताणले गेलेले असतात, मेंदू शाबूत. घरच्यांना ते फार मोठं संकट वाटतं, आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडते.

स्वीडनचा जिना तसाच्या तसा उचलून विट्या-जतला लावता येत नाही, हेही खरं. आपल्याकडं बीएमआयच्या २३ च्या पुढं वजन जास्त आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या हाडापेराला कमी वजनातही चरबी आणि साखर गाठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं, की आपली बाळं दिसायला किरकोळ, पण अंगात चरबी राखून जन्माला येतात. त्या मुलींच्याच पुढं आया होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका २५ च्या वर होत्या आणि जवळजवळ १९ टक्के अजून साडेअठराच्या खाली. आमच्या व्हरांड्यातल्या एकाच बाकावर या दोघी मांडीला मांडी लावून बसतात, आणि दोघींना घरून सल्ला एकच मिळालेला असतो, दोन जिवांची आहेस, खा.

त्यानंतर मी फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं ओळी ओढल्या. गरोदरपणात पहिल्यांदा केलेलं वजन. साखर तपासली का, आणि बाळंतपणाच्या वेळी तो रिपोर्ट कुठं होता. कळा सुरू झाल्यापासून किती वेळ गेला. बाळाचे डॉक्टर तिथं होते का. वजन एकट्यानं विचारायचं नाही, एवढं ठरवलं. बाकीच्या तिघांना बरोबर घेऊनच विचारायचं. आणि सासू-नवऱ्याला त्या वेळी वजनकाट्याकडं पाठवायचं, मुलाला तोलायला. ही माझी युक्ती. नर्सबाई आता न सांगता त्यांना घेऊन जातात.

दुसऱ्या ओळीनं मला सर्वांत जास्त शिकवलं. साखरेचा रिपोर्ट बहुतेक वेळा सासरी असतो आणि बाई माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्या-आठव्या महिन्यात लेकीला आणायचं, ओटी भरायची, डोहाळे पुरवायचे, हे सगळं मायेचंच आहे. पण सहा महिने जिनं तपासलं ती डॉक्टर इकडं आणि कळा तिकडं. माहेरच्या दवाखान्यात आठव्या महिन्यात नवी फाईल उघडते. तिथं लिहिलेलं वजन म्हणजे गरोदरपणाचं. मुळात किती होतं, कोण सांगणार? एकदा आशाताईंच्या प्रशिक्षणात मला बोलायला बोलावलं होतं. मी तावातावानं सांगत होते, तिसऱ्या महिन्यातलं वजन बोलणी घालण्यासाठी लिहायचं नसतं, ही बाई बाळंत कुठं व्हावी हे ठरवायला लिहायचं असतं. मागं बसलेल्या एक ताई उठल्या. "म्याडम, आम्ही लिवतोय की. पण एकदा माहेरची गाडी आली, की आमची बाई गेली. कार्ड इसरून जाती. फोन केला तर तिची आई म्हणती, आमची पोरगी हाय, आमी बघतो." सगळ्या हसल्या. माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

जतची आली ती २०२२ च्या पावसाळ्यात. मुलगी तीन वर्षांची. गादीवर ठेवली की हातपाय आपोआप पिळवटायचे, मान मागं जायची, आणि या सगळ्या वादळाच्या मध्ये दोन अगदी शांत, हुशार डोळे. आमच्यात लगेच ठरलं, 'हो' असेल तर डोळे वर. दहा मिनिटांत तिनं मला तिच्या आवडीचा रंग, भावाचं नाव आणि डाळिंब आवडत नाही हे सांगून टाकलं.

आई एकटीच आली होती. पहाटेची एसटी धरून, मुलीला पोटाशी बांधून. दारातून आत येताना बाजूनं वळून आली, सवयीनं. मी फॉर्म काढला, समासात पोचले, आणि मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "एक्याण्णव. तिसऱ्या महिन्यात. लिवा. तुम्ही ईचारणारच."

उंची १५५ सेंटिमीटर. मी मनात भागाकार केला. जवळजवळ ३८. दिवस पुरे भरलेले. माझ्या लाल रेघेखालची बाई समोर बसली होती.

"माझ्यामुळंच झालं न्हवं?"

खोलीत कुणी नव्हतं. सासू नाही, नवरा नाही, कार्ड नाही. 'तुमचं काही चुकलेलं नाही' हे वाक्य ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं, कारण तिनं ते आधी दोन-तीन ठिकाणी ऐकलं होतं आणि तिला ते पटलेलं नव्हतं. मी फॉर्म बाजूला ठेवला. म्हटलं, "हजारात दोन मुलांना होतं. तुमच्याएवढं वजन असलं तर हजारात तीन. त्या वाढलेल्या एकात तुमचीच मुलगी आहे का, हे जगात कुणाला सांगता येणार नाही. मला नाही, तुम्हालाही नाही." तिनं बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "तीनच?" म्हणाली. तिच्या मनात तो आकडा फार मोठा असणार.

मग खालच्या तीन ओळी. माहेर हद्दीपलीकडं, कर्नाटकात. साखर तपासली होती सहाव्या महिन्यात, पेल्याभर गोड पाणी प्यायला देऊन दोन तासांनी. जास्त निघाली होती. तो कागद सासरच्या कपाटात राहिला. माहेरी कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही, कारण गोड कमी खाते आहे म्हणजे झालं असं तिला वाटलं. दिवस आठवड्यानं वर गेले. कळा आदल्या संध्याकाळपासून. पहाटे डोकं आलं, खांदा अडकला. बाळ ४ किलो १०० ग्रॅम. दवाखाना लहान, डॉक्टर एकटे, बाळाचे डॉक्टर दुसऱ्या गावाहून निघाले ते पाऊण तासानं पोचले. रडलं का? नाही. तासाभरात झटके सुरू झाले.

"मोठ्या दवाखान्यात असतो तर थंड करायची मशीन असती म्हणं," ती म्हणाली. "मोबाइलवर बघितलं." तेही ठाऊक होतं तिला. गुदमरलेल्या बाळाचं अंग थंड ठेवून मेंदू वाचवायचा उपचार श्रीमंत देशांत चालतो. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेश इथल्या ४०८ बाळांवर तो तपासून पाहिला, त्याचा निकाल २०२१ मध्ये आला. फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले. हे तिला सांगितलं. ती बराच वेळ मुलीचा हात चोळत बसली. "म्हंजे ते न्हाई म्हणून काय बिघडलं न्हाई," म्हणाली. एक ओझं तरी खाली उतरलं असावं.

मग तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी काही सडपातळ बाई नाही, कधीच नव्हते.

"तुमचं किती हुतं, म्याडम?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "चौऱ्याऐंशी," मी म्हटलं.

२००१ साल. माझंही बाळंतपण माहेरी, पुण्याला. साखर जास्त, रक्तदाब शेवटी शेवटी वाढलेला, दिवस वर गेलेले. माझी आई रोज डिंकाच्या लाडवांचा डबा भरून ठेवायची आणि मी फिजिओथेरपिस्ट असून खायची. रात्री दीडला ठोके उतरले. भूलतज्ज्ञ वरच्या मजल्यावर झोपलेले होते, बालरोगतज्ज्ञ त्याच इमारतीत. वीस मिनिटांत मूल बाहेर. निळसर, गप्प. फुगा लावून श्वास दिला. मी मान वळवून त्या कोपऱ्याकडं पाहत होते आणि माझ्याच फॉर्मवरचा प्रश्न माझ्या डोक्यात चालू होता. दोन मिनिटांनी कोपऱ्यातून एक किरकिर ऐकू आली. एवढंच. वजन तेच, साखर तीच. फरक एका जिन्याचा.

जतचीला मी हे सगळं सांगितलं नाही. साखर होती, सिझर झालं, उशिरा रडला, एवढं सांगितलं.

"मग आता पोरगा?"

"इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे."

ती काही बोलली नाही. मीही नाही. पंखा तेवढा फिरत होता. आपण हे सांगायला नको होतं की काय, असं मला वाटत राहिलं. न सांगणंही बरं नव्हतं. तेवढ्यात मुलीनं घशातून मोठा आवाज काढला, आमचं दोघींचं लक्ष नाही म्हणून. मी निळा बॉल ओढून पुढं घेतला. "यावर बसायचं?"

डोळे वर.

"हितं धरू का?" आईनं विचारलं आणि मुलीच्या कमरेला दोन्ही हात लावले. थोडे वर होते. मी तिचे हात धरून खाली सरकवले, कमरेच्या हाडावर, आणि म्हटलं, "घट्ट नाही. पडू द्या तिला थोडं, मग सावरते ती."